परत आलेली कॅसेट

दुकानातली वरची फळी आवरताना कापुराच्या वासाबरोबर ती कॅसेट हाती आली, आणि मी नव्वदच्या दशकातल्या एका सकाळी, गंगेवरच्या संकठा घाटाच्या गार पायऱ्यांवर जाऊन बसलो.

विनायक रामघाटावरच्या भिक्षुकांच्या घरातला, माझा लहानपणापासूनचा मित्र. नवं काही ऐकलं की माझ्यासाठी कॅसेट भरायचा. माझे कान त्यानंच तयार केले. पण यात्रेकरूंचं एक मोठं कुटुंब त्यानं माझं नवं साड्यांचं दुकान सोडून दुसरीकडे खरेदीला नेलं, आणि मी बोलणं बंद केलं. आमच्या मंडळीत मैत्री मोडली की एकमेकांच्या कॅसेटी परत जात.

त्या सकाळी ओळखीच्या नावाड्यानं कॅसेट माझ्या हातात ठेवली. "विनायक गुरु ने भेजा है." डबीवर माझंच अक्षर; मीच त्याला कधीतरी दिलेली. संपलं तर! रागानं ती गंगेत भिरकावणार होतो, पण तपासल्याशिवाय मी कुठलाच माल फेकत नाही. नावेतल्या टेपवर लावली.

माझी जुनी ठुमरी पुसलेली होती. खरखरीतून विनायकचा आवाज आला, "सदा, आधी हे ऐक, मग भांड." आणि मग कधी न ऐकलेली सारंगी. छातीवरचं ओझं उतरलं.

"वापस कर आऊँ, भइया?" नावाड्यानं विचारलं.

"हाथ लगाके देख!"

ते गिऱ्हाईक मी अजून विसरलेलो नाही. कालच फोनवर विनायकला चार शब्द सुनावणार होतो, तोच त्यानं नवं गाणं पाठवलं. भांडण पुन्हा राहिलं.