बाबांचा तरुण चेहरा

बाबांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती. लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. केमोची पहिली बाटली चढली आणि बघता बघता गाठ नाहीशी झाली. सगळ्यांना आनंद झाला, मला मात्र भीती वाटली. एवढी मोठी गाठ गेली कुठे? पण विचारलं असतं तर आई म्हणाली असती, शुभ बोल नाऱ्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर द्या. आता आमच्या रत्नागिरीत आजाऱ्याला साधं पाणी कोण देतं? भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन आला. परड्यातले माड होतेच. आई सोलून पुढे करायची. बाबा जन्म बोटीवर काढलेले, मिळेल ते गोड मानून घेणारे. तेही मुकाट पीत राहिले.

त्यांचा चेहरा भरत गेला. सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचे खड्डे बुजले. एका दुपारी मी माजघरातून बाहेर आले, तर लग्नाच्या फोटोतला माणूस पडवीत आरामखुर्चीवर बसला होता. माझ्याहून वयाने लहान.

"वहिनी, भावजींनी अगदी कात टाकलीनी," शेजारच्या काकू म्हणाल्या. आई चक्क लाजली. मला ते बघवेना.

आमचा कुत्रा पायरीवरून त्यांच्याकडे बघत गुरगुरत होता. बाबांनी त्याला हाक मारली. आवाज नेहमीचाच होता, पण त्या चेहऱ्यातून तो आलेला मला सोसला नाही. कुत्रा मागे मागे सरकला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

मी जवळ गेले. त्यांच्या बोटातली अंगठी मांसात रुतली होती.

"बाबा, लघवीला कधी गेला होतात?"

"काल असेन गेलो. लागतच नाय गो."

एवढं पाणी त्या शरीरात जात होतं आणि बाहेर काहीच येत नव्हतं. मी तशीच धावत जाऊन रिक्षा आणली.

इस्पितळात कळलं ते असं. गाठ इतक्या झपाट्याने विरघळली, की तिचा गाळ मूत्रपिंडांत जाऊन बसला आणि ती बंद पडली. त्यात शहाळ्यांतलं पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके चुकायला लागले होते. "आणखी एखादं शहाळं पोटात गेलं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं," डॉक्टर म्हणाले. आईने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

मग डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून उतरले की दर खेपेला तो तरुण माणूस थोडा ओसरलेला असायचा. मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली, आणि एका सकाळी खाटेवर आमचे म्हातारे बाबा होते. मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

आता आई रोज सकाळी चहाआधी त्यांच्या गालांवरून बोट फिरवते, सुरकुत्या चाचपते. कधी गाल गुळगुळीत लागला, तर ती आधी वळून कुत्र्याकडे बघते.