हसलं कोण

"तुझी ताई गेली रे..." भावोजींचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. पुढचं काही ऐकूच आलं नाही. आज महिना झाला, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबांच्या कारखान्याच्या खडकीतल्या क्वार्टर्समध्ये आम्ही दोघं भावंडं गात मोठी झालो. नव्वदच्या दशकात कॅसेट कंपन्यांचं पेव फुटलं होतं. आम्ही वर्षभर त्यांचे उंबरे झिजवले. बाबांनी साहेबांच्या हातापाया पडून मला कारखान्यात चिकटवलं होतं, ती नोकरीही मी गाण्यापायी सोडली. शेवटी एक मालक तयार झाले. म्हणाले, "भक्तिगीतं ढिगानं पडलीयेत. प्रेमाची द्वंद्वगीतं द्या." "अहो, आम्ही सख्खी भावंडं!" "मग ताईंचं सासरचं आडनाव छापू. कुणाला कळतंय?" ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. ती मला म्हणाली, "डोळे मिटून गा. भजन आहे असं समज."

स्टुडिओत पहिल्याच गाण्यात मला म्हणायचं होतं, 'लाडके, जवळ ये ना.' डोळे उघडले तर समोर ताई... जिनं लहानपणी माझं नाक पुसलं! मी फिस्सकन हसलो. मग तीही. चारदा टेक झाला, चारदा तेच. मालकांनी हात जोडले, "घरी जाऊन हसा."

"हसलं कोण?" बाबा गरजले. मी ताईच्या मागे सरकलो. ताईच पुढे होऊन म्हणाली, "मी हसले, बाबा." पण त्या दिवाळीला त्यांनी तिला माहेरी बोलावलं नाही. भाऊबीजेला मीच तिच्या सासरी, मांजरी गावाला गेलो. म्हटलं, "ताई, खरं सांगून टाकतो." "गप रे! मला घर आहे. तुला बाबांनी हाकललं तर जाशील कुठे?" ताटात आणखी एक करंजी वाढत म्हणाली, "आधी ते कॉम्प्युटरचं काहीतरी शीक."

शिकलो. नोकरी लागली, फ्लॅट झाला. बाबा गेले, तरी मी गप्पच. उलट प्रत्येक लग्नकार्यात मीच चेष्टा करायचो, "हिच्या हसण्यानं माझं करिअर बुडवलं!" ती म्हणायची, "हो बाबा, मीच ती अवदसा." आता लाज वाटते हो.

तेराव्याला सगळे तिच्या घरी, ती रोज रियाज करायची त्या खोलीत बसलो होतो. आमच्या काकू म्हणाल्या, "गुणाची पोर, पण त्या हसण्यापायी..." मी ताडकन उठलो. "काकू, ती नाही. आधी मी हसलो होतो."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "बघा हो भावाची माया... बहिणीचा दोष स्वतःच्या अंगावर घेतोय."