बोट हललं नाही

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी पुड्यांच्या कागदांवर शिकले. मीठ-साखर बांधून आलेला कागद आधी वाचायचा, मग चुलीत घालायचा. अजूनही वाचताना ओळीखाली बोट फिरवते. बोट थांबलं की मीही थांबते. हे आधी सांगते, कारण पुढे ते लागणार आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं घर चिंचणीला, मागे चिकूची वाडी. दुपारी उतरवलेले चिकू पडवीत ओतायचे आणि लहान-मोठे वेगळे करायचे. कामाला सासूबाई, शेजारच्या काकू, माझी नणंद आणि मी. पण माझ्या वाटणीचे चिकू बाकीच्या तिघी निवडायच्या, नि मी वाचायचं. आमचे हे गावच्या वाचनालयातून पुस्तक आणायचे. तेवढी एक दुपारच काय ती मला बसायला मिळायची. नाही तर नऊ माणसांचा स्वयंपाक, गोठा, पाणी, पुन्हा स्वयंपाक.

सासूबाईंचा एक नेम होता. श्रावणात कहाणी ऐकताना मुठीत तांदळाचे दाणे धरतात ना, तसे त्या पुस्तक ऐकतानाही धरायच्या आणि सगळ्यांना धरायला लावायच्या. एका मुठीत दाणे, दुसऱ्या हातानं चिकू. मी एकदा म्हटलं, "आई, ही कादंबरी हाय, व्रताची कहाणी नाय." तर म्हणाल्या, "बाईचं दुःख हाय ना त्यात? मंग धर."

त्या वर्षीची कादंबरी नावाजलेली होती म्हणे. त्यातली बाई नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते. नवरा परत बोलावतो. जाऊ की नको, यातच सगळं पुस्तक. आणि माझी नणंद, तीही दिवाळीच्या आधी एक ट्रंक घेऊन बोईसरहून आमच्याकडे आलेली. नवरा तिकडे कंपनीत, चाळीत खोली. प्यायचा, हात उचलायचा. आता त्याचे निरोप येत होते, सुधारलोय, पाठवा. जायचं की नाही ते तिच्यावर सोडलं होतं सगळ्यांनी. सोडलं होतं म्हणजे काय, रोज कुणी ना कुणी तोंडाकडे बघायचं. ती वयानं माझ्याहून लहान, पण मी वन्सं म्हणायचे. ऐकताना तिचा चिकूचा हात थांबायचा.

शेवटचं पान आलं. बाई एसटी स्टँडच्या बाकावर बसलेली. एक गाडी माहेरची, एक सासरची, दोन्ही लागलेल्या. ती पिशवी उचलून उभी राहते. संपलं.

"पुढं वाच," सासूबाई म्हणाल्या.

"पुढं नाय, आई. इतकंच हाय."

"नाय कसं? पानं उंदरानं खाल्ली का बघ."

काकू भडकल्याच. "बाईला स्टँडवर उभी करून हा मेला लेखक जेवाया गेला का? दोन महिने चिकू निवडले मी हिच्यापायी!"

"आणि हे तांदूळ कुठं टाकू?" सासूबाईंनी मूठ पुढे केली. "अर्ध्या कहाणीचे दाणे टाकत नाय. घरात अपुरं राहतं."

नणंद हळूच म्हणाली, "वैनी, ती कुठल्या गाडीत बसली?"

खरं सांगते, त्या दिवशी माझं अंग मोडून आलं होतं. पहाटेपासून पाठ टेकली नव्हती. वाटलं, एकदाचं संपू दे. मी म्हटलं, "थांबा, चिकटलं होतं पान." आणि पुस्तकात बघत बोलत गेले. ती सासरच्या गाडीत बसली. नवरा दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मग सुखाचा संसार झाला. सुफळ संपूर्ण.

सासूबाईंनी तुळशीत दाणे टाकले. काकू म्हणाल्या, "हां, आता कसं!" नणंदेची मूठ मिटलेलीच होती. चार दिवसांनी तिनं ट्रंक भरली. हे तिला बोईसरच्या गाडीत बसवून आले.

तिचा संसार काही सुखाचा झाला नाही. अगदी मोडलाही नाही. नवरा कधी प्यायचा, कधी सोडायचा. ती एका कंपनीत पॅकिंगला लागली, तिथल्या बायकांत हिंदी शिकली, दोन मुली वाढवल्या. सणाला यायची. दर वेळी थोडी जास्त वाळलेली दिसायची. मला तो तांब्या आठवायचा.

पंधराएक वर्षं मी गप्प राहिले. सासूबाई गेल्या, काकू मुलाकडे राहायला गेल्या. मग एकदा ती आलेली असताना आम्ही दोघी पडवीत भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "वन्सं, त्या पुस्तकाचा शेवट माझ्या मनचा होता. पुस्तकात नव्हता."

तिनं वालाचं साल चिमटीतून उडवलं. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासून. तुझं बोट हललं नाय. दोन महिने बघत होते, ओळीमागं ओळ जायचं. त्या दिवशी एका जागी थांबलं नि तू बोलतच गेलीस."

"मग गेलात कशाला?"

"पुस्तकानं सांगितलं असतं तर नसते गेले," ती म्हणाली. "तू सांगितलंस. म्हटलं, वैनी दमली. एक ताट कमी झालं तर बरं होईल तिला."

तसं माझ्या मनात होतं का? त्या दुपारी माझ्या मनात फक्त पाठ टेकणं होतं. पण ते आणि हे किती वेगळं, ते मला आजही सांगता येत नाही.

"आणि तुमचे दाणे?" मी विचारलं. "ते टाकलेले मी पाहिले नाहीत."

"पदराला बांधून नेले. तिथं पहिला भात शिजवला त्यात टाकले. वाया कशाला घालवायचे?" ती हसली. मग माझ्या पुढ्यातले अर्धे वाल तिनं स्वतःकडे ओढले. "आण इकडं. तू पाठ टेक जरा."

मी आडवी झाले नाही. ती सोलत राहिली, मीही सोलत राहिले.