गस्तूने धरलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. गोष्ट एका कुत्र्याची आहे म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, एवढंच ना? नऊ वर्षं मीही स्वतःला तेच विचारत आलोय — एवढंच ना?

आम्ही भोपाळमध्ये कोटरा सुल्तानाबादला राहतो. आमच्या शेजारी दामलेकाका राहायचे. रिटायर्ड इंजिनियर, एकटेच. त्यांची मुलगी अनघा नोकरीसाठी काही वर्षं फ्रान्समध्ये होती. परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक कुत्रा आला. मग तिला बंगळूरला नोकरी लागली, तिथल्या फ्लॅटमध्ये एवढं जनावर मावेना, आणि तो काकांकडेच राहिला.

त्याचं खरं नाव गास्तों. काकांनी त्याचं गस्तू केलं. नाव शोभलंही, कारण दिवसभर त्याची गस्तच चालायची. काळाभोर, माझ्या मांडीएवढा उंच, छातीवर आणि पायांवर तांबूस रंग, जणू लाल मोजे घातलेत. गल्लीत सगळे त्याला डॉबरमन म्हणायचे. काका न कंटाळता प्रत्येकाला सांगायचे, "डॉबरमन नाही. बोसरों. फ्रान्समधल्या मेंढपाळांचा कुत्रा. तिथेसुद्धा फारसे दिसत नाहीत." मग त्याचा मागचा पाय उचलून आतल्या बाजूच्या जादा नख्या दाखवायचे. एक नाही, दोन. ही जातीची खूण, म्हणायचे.

पहिले काही महिने मी त्याला घाबरून होतो. तो भुंकायचा नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. नुसता बघत राहायचा. संध्याकाळी पोरं खेळायला लागली की त्यांच्याभोवती मोठं वर्तुळ घेत चालायचा. एखादं पोर लांब गेलं की त्याच्या पुढे जाऊन उभा राहायचा, नाकाने ढकलत त्याला परत आणायचा. "कळप मोजतोय," काका म्हणायचे.

त्यांनीच मला समजावलं. त्या मुलखात शेतांना कुंपणं नाहीत. मेंढ्या दोन पिकांच्या मधल्या पट्ट्यात चरतात आणि कुत्रा कडेकडेने चालत राहतो. एखादी पिकात शिरली की तिला मागे आणतो. कशी आणतो, मी विचारलं होतं. काका म्हणाले, "तोंडाने धरून. चावत नाही, धरतो. फरक आहे, सुहास."

हे मला माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा. मला सगळं माहीत होतं.

काकांचा गुडघा दुखायला लागल्यावर मीच त्याला फिरवायला नेऊ लागलो. माझी मुलगी रेवा तेव्हा पाच वर्षांची होती. ती त्याचा कान धरून चालायची. रस्ता ज्या बाजूला असेल त्या बाजूने तो चालायचा, ती नेहमी आत. मी त्याला हे शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक प्लॉट होता. पायासाठी खोल खणून ठेवलेला, पण काम बंद पडलेलं. पावसाळ्यात तो भरायचा आणि दिवाळीपर्यंत पाणी तसंच राहायचं, वर हिरवी साय धरलेली. भोवतीचे पत्रे एका बाजूने निखळले होते. मंजिरी मला तीनदा म्हणाली होती, रेवाला तिकडे नेऊ नकोस.

आणि त्याच्या आधी स्कूटरचं झालं होतं. रेवा पुढे उभी होती, फोन वाजला म्हणून मी एक हात सोडला, आणि ती पडली. हनुवटीला टाके पडले. मंजिरी ओरडणारी नाही. ती शांतपणे म्हणाली, "पुन्हा असं काही झालं ना, तर मी तिला घेऊन ग्वाल्हेरला जाईन. तुझ्यावर तिला सोपवता येत नाही." ग्वाल्हेर म्हणजे तिचं माहेर. ती जाईल याबद्दल मला जराही शंका नव्हती.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण हे माझ्या डोक्यात होतं, त्या क्षणीसुद्धा होतं, म्हणून सांगतो.

शनिवार होता, दुपारचे चार वाजले असतील. मंजिरी ती शिकवते त्या शाळेत पालकसभेला गेली होती. मी रेवाला घेऊन गल्लीत उतरलो. क्रिकेटची मॅच शेवटाला आली होती आणि मी फोनवर बघत होतो. दोन मिनिटं, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण एक ओव्हर संपली आणि दुसरी संपली — त्या दोन्ही मी पाहिल्या. मग किती मिनिटं झाली?

गस्तू भुंकला. न भुंकणारा कुत्रा. मी मान वर केली, तो काकांच्या कंपाउंडची भिंत ओलांडून धावताना दिसला, आणि मी — मी पुन्हा फोनमध्ये पाहिलं.

मग रेवाची किंकाळी आली.

मी पोचलो तेव्हा ती पत्र्यांच्या आत होती, ओल्या उतारावर, एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात. तिचं मनगट गस्तूच्या तोंडात होतं. चारही पाय मातीत रोवून तो तिला मागे ओढत होता. माती सुटत होती, तोही घसरत होता, पण सोडत नव्हता. कोरड्या जागी आल्यावर त्याने स्वतःहून हात सोडला. आणि तिच्या आणि खड्ड्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

घसरताना त्याचे दात तिच्या मनगटावर ओढले गेले होते. दोन रेघा, आणि रक्त. तिची एक चप्पल पाण्यावर तरंगत होती.

मी तिला उचलून बाहेर आणलं. समोरच्या भाभी धावत आल्या. रक्त बघून त्यांनी विचारलं, "काट लिया क्या?"

मला काही रचावंही लागलं नाही. उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. मी म्हणालो, "हाँ. काट लिया."

त्या काकांना बोलवायला वळल्या. तेवढ्या वेळात मी रेवाच्या पायातली दुसरी चप्पल काढून पाण्यात फेकली आणि रुमालाने तिच्या पायाचा चिखल पुसला. एकाच पायात चप्पल दिसली असती, तर दुसरी कुठे गेली हे कुणीतरी विचारलं असतं. घाबरलेला माणूस असं करतो का? नाही. माझं डोकं अगदी व्यवस्थित चालत होतं.

काका लंगडत आले. त्यांनी आधी रेवाचा हात पाहिला, मग मला विचारलं, "सुहास, तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं, काका. खेळत होती, त्याने झडप घातली."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते माणसांवर विश्वास ठेवणारे होते.

पण सगळ्यात वाईट ते अजून पुढेच आहे. ऑटोतून दवाखान्यात जाताना रेवा म्हणाली, "बाबा, गस्तूने मला ओढलं. मी पडत होते." आणि मी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला म्हणालो, "नाही बाळा. तो चावला. तू घाबरलीयस, म्हणून तुला तसं वाटतंय." घरी आल्यावर पुन्हा म्हणालो. प्रत्येक इंजेक्शनच्या आधी म्हणालो. ती दर वेळी थोडं कमी बोलायची. चौथ्या इंजेक्शनला नर्सने विचारलं तेव्हा रेवानेच सांगितलं, "मुझे कुत्ते ने काटा."

गल्लीने तक्रार लिहायची ठरवली. माझं हिंदी अक्षर चांगलं आहे, म्हणून ती मीच लिहिली. खतरनाक कुत्ता, असं लिहिलं. सगळ्या घरांनी सह्या केल्या.

ती कुठे देण्याची वेळच आली नाही. काकांनी त्याला रायसेनच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर पाठवून दिलं. त्याआधी ते आमच्याकडे आले आणि रेवासमोर हात जोडून म्हणाले, "बाळ, मला माफ कर." मंजिरीचे डोळे भरून आले. "काका, यात तुमचा काय दोष?" ती म्हणाली. मी चहा टाकायला आत गेलो. चहा झाल्यावरही बराच वेळ आतच उभा राहिलो.

थंडीत मी एकदा त्या शेतावर गेलो. का गेलो, सांगता येत नाही. तो साखळीला बांधलेला होता. साखळी जिथवर पोचत होती तिथवर जमिनीवर अर्धगोल वाट पडली होती, चालून चालून गवत गेलेलं. मला बघून तो साखळीच्या टोकापर्यंत आला. माझा हात हुंगला. मग माझ्या मागे पाहिलं, फाटकाकडे, स्कूटरकडे. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा मागे. तो कुणाला शोधत होता, हे मला कळायला वेळ लागला नाही.

तिथला माणूस म्हणाला, "काटता है ना, इसलिए खोलते नहीं." तो मला ओळखतही नव्हता. त्याला खरं सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? मी मान हलवली आणि निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात गस्तू गेला. काकांनी फाटकापाशी उभं राहून सांगितलं, एका वाक्यात. नंतर ते अनघाकडे बंगळूरला गेले, आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच वारले. मी अनघाला फोन करून सांत्वन केलं. बाबा तुमची फार आठवण काढायचे, ती म्हणाली.

रेवा आता चौदा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तुलसी नगरला तिच्या मैत्रिणीकडे तिला सोडायला गेलो होतो. त्यांनी नवीन पिल्लू आणलंय, माझ्या दोन मुठींएवढं. रेवा फाटकातच थांबली. मैत्रिणीच्या आईने कारण विचारलं, तर तिने बाही वर करून मनगट दाखवलं आणि सगळं सांगितलं. काळा कुत्रा, अंगावर आलेला, त्याचे दात, त्याचा श्वास, सगळं आठवतं म्हणाली. आणि मग म्हणाली की बाबा धावत आले आणि त्यांनीच मला त्याच्या तोंडातून सोडवलं.

हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. हे तिचं तिने जोडलं होतं.

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "हो ना, बाबा?"

मी हो म्हणालो.