गव्हर्नरच्या अर्जाला कुंकू

केंटकीला जायचं ठरलं ते नीलिमाच्या रडण्यामुळे. म्हणजे रडली नव्हती ती, भांडी आपटत होती. पण इतकी वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला दोन्हींचा अर्थ एकच लागतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही तेव्हा शिकागोजवळ राहायचो. मी इंजिनियर, त्यामुळे घरात सगळ्यात जास्त मलाच कळतं असा माझा पक्का समज. नीलिमा नागपूरची, इतिहासात एम.ए. इथे येऊन बरीच वर्षं पोळ्या लाटल्यावर ती पुन्हा युनिव्हर्सिटीत जायला लागली होती. विषय घेतला होता केंटकीच्या एका सुरुवातीच्या गव्हर्नरचं दप्तर. राज्य नवीन, चहूकडे जंगल, तेव्हा साधी माणसं गव्हर्नरकडे काय काय मागत होती, हे तिला बघायचं होतं. ते कागद केंटकीच्याच राजधानीत, फ्रँकफर्ट नावाच्या गावी. प्रोफेसरांनी बजावलं होतं, उन्हाळा संपायच्या आत चॅप्टर हातात पडला नाही तर असिस्टंटशिप दुसऱ्या कोणाला तरी जाईल. असिस्टंटशिप गेली की शिक्षणही बंद, कारण माझ्या एकट्याच्या पगारात तिची फी बसत नव्हती. पत्रं लिहून लिहून तिने दोन दिवसांची परवानगी मिळवली होती, पण तिथवर नेणार कोण, म्हणून भांडी आपटली जात होती.

"मी नेतो ना तुला," मी म्हणालो. "आईलाही फिरवून आणू. एका दगडात दोन पक्षी." आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती.

"दगड कोण ते ठाऊक आहे मला," नीलिमा म्हणाली आणि पेन्सिलींना टोक काढायला बसली.

निघालो ते सोमवारी दुपारी. गाडी सेकंडहँड, लांबीला बोटीएवढी आणि एसी मेलेला. शिकागोहून खाली इंडियानात शिरलं की दोन्ही बाजूंना मका, मका आणि मका. आईने अर्धा तास कौतुक केलं आणि मग विचारलं, "एवढं कणीस खातं कोण रे?" डुकरं खातात म्हटल्यावर तिला वाईट वाटलं. जाणाऱ्यांसाठी सांगतो, खायला घरचंच न्या. त्या रस्त्यावर तेव्हा शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज आणि आइस्क्रीम सोडून काही मिळत नसे. आमच्याकडे दशम्या, लसणाची चटणी आणि दहीभात होता, म्हणून निभावलं. रात्री इंडियानातच हायवेलगतच्या एका मोटेलमध्ये थांबलो. स्वस्त होतं आणि चादरी स्वच्छ होत्या, आणखी काय हवं?

सकाळी मी सगळा हिशोब मांडून दाखवला. इतके मैल, इतका स्पीड, नऊला दप्तरखाना उघडतो, आपण नऊच्या ठोक्याला दारात. आणि खरोखर, ओहायो नदी ओलांडून, डोंगरांतून उतरत, केंटकी नदीकाठच्या त्या छोट्याशा गावात आम्ही नऊच्या ठोक्याला पोहोचलो. माझ्या घड्याळाच्या नऊच्या ठोक्याला. दारावरच्या घड्याळात दहा वाजले होते. वाटेत वेळेची रेषा ओलांडली जाते आणि घड्याळ एक तास पुढे जातं हे इंजिनियर साहेबांच्या हिशोबात नव्हतं.

नीलिमाने गाडीचं दार धाडकन लावलं. भांडी जवळ नव्हती, म्हणून दार.

त्यात आईने पार्किंग लॉटमध्येच आम्हाला अडवलं. "थांबा. शुभ कामाला चाललीय पोरगी." पर्समधून कुंकवाची डबी निघाली, थर्मासमधलं दोन थेंब पाणी पडलं आणि दोघांच्या कपाळावर ओलं कुंकू. नीलिमाने टिकलीएवढं ठेवून बाकीचं हळूच पुसलं. मी नाही पुसलं. आधीच एक तास खाल्ला होता, निदान आईशी तरी वाकडं नको, असा विचार केला. आईला बाहेर झाडाखालच्या बाकावर बसवून आम्ही आत गेलो.

आतले नियम ऐका, तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडतील. बॅग बाहेरच्या कपाटात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. खोका काउंटरवर, त्यातलं एका वेळी एकच फोल्डर, कागद जसे आले तसेच त्याच क्रमाने ठेवायचे. काउंटरमागे मिसेस हॉलोवे नावाच्या बाई होत्या, पांढरे केस, गळ्यात साखळीला चष्मा. नीलिमाचा मदतनीस म्हणून मी रजिस्टरमध्ये सही केली. बाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, पण सभ्य होत्या, काही विचारलं नाही.

आणि काय सांगू, मला वाटलं होतं तलवारी, लढाया, अस्वलं असं काहीतरी असेल. निघाले अर्ज! आमच्या मामलेदार कचेरीत येतात तसलेच. कोणाला न्यायाधीश व्हायचंय, कोणाला कॅप्टनची जागा हवीय, कोणाचा दंड जास्त झालाय. एका माणसाने शेजाऱ्याचं डुक्कर मक्यात शिरलं म्हणून शेजाऱ्याच्याच डोक्यात कुंपणाचा वासा घातला होता. झालेला दंड भरायची ऐपत नाही, घरी लेकरं आहेत, झाल्या गोष्टीची लाज वाटते, तेव्हा माफी असावी, असं लिहिलं होतं. नीलिमा नुसती फुलून गेली होती. "अरे, हेच हवं होतं मला! हेच!" ती कुजबुजली. तिचा चेहरा असा मी फार दिवसांत बघितला नव्हता.

मलाही उत्साह आला. पुढचं फोल्डर मागावं म्हणून मी झटकन उठलो. शर्टाची बाही लागली, डुकराचा अर्ज टेबलावरून घसरला, खाली पडला आणि माझा बूट नेमका त्याच्या कोपऱ्यावर.

पुढचं सगळं मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. कागदाला पाय लागला की काय करायचं हे आपल्याला पहिलीच्याही आधी शिकवलेलं असतं. खाली वाकलो, कागद उचलला, डोळे मिटले आणि कपाळाला लावला.

डोळे उघडले तेव्हा कागदावर मधोमध लालभडक ठसा होता.

"सर," मिसेस हॉलोवेंचा आवाज आला, "तुम्ही आत्ता काय केलंत?"

मी नुसतं कपाळाकडे बोट दाखवलं. नीलिमा पांढरीफटक पडली होती. तिनेच सांगितलं, आमच्याकडे कागद म्हणजे विद्या, त्याला पाय लागला की माफी मागायची, आणि हे लाल म्हणजे सासूबाईंचा आशीर्वाद. बाईंनी अर्ज उचलला, फोल्डर मिटलं, खोका घेतला आणि आत साहेबांकडे गेल्या.

आम्ही रिकाम्या टेबलापाशी बसून राहिलो. "नीलू..." मी म्हणालो.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मागितली होती मी." तिचे डोळे भरले होते. या खेपेला खरंच. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण तिथे कार्पेट होतं.

बऱ्याच वेळाने बाई आल्या. खोका परत आणला होता. "तो मूळ कागद नव्हता," त्या म्हणाल्या. "मूळ फार नाजूक आहे, तिजोरीत असतो. इथे जुनी फोटोप्रत ठेवलेली असते." कडा पिवळ्या पडल्या होत्या हो! पण एवढा मोठा इंजिनियर, मूळ कागद आणि कॉपी यांत फरक कळू नये? "मॅडम दोन्ही दिवस थांबू शकतात," बाई पुढे म्हणाल्या, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "हे गृहस्थ मात्र नाही."

मी बाहेर बाकावर आईशेजारी जाऊन बसलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "कागदाला पाय लागला आणि नमस्कार केलास ना? मग चूक कसली?"

"आई, हाकललं मला."

"तुला हाकललं. तिला ठेवलं ना? मग झालं तर. दशमी खा."

दोन दिवस आम्ही माय-लेकांनी केंटकी बघून घेतलं, म्हणजे मुख्यतः तो बाक. नदी सुंदर आहे, गाव डोंगरांच्या खळग्यात बसलेलं आहे, जरूर जा. दुसऱ्या संध्याकाळी नीलिमा बाहेर आली ती वहीभर टिपणं घेऊन. वर तो कुंकवाचा अर्जही होता. मिसेस हॉलोवे म्हणाल्या होत्या, आम्ही नवीन प्रत काढलीय, ही आता तुमच्या मिस्टरांनाच द्या. परतीच्या वाटेवर नीलिमा आईशी बोलली, मक्याशीसुद्धा बोलली असती, माझ्याशी नाही.

घरी आल्यावर आईने तो कागद पाहिला. कुंकू लागलेला कागद, तिने सरळ देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज त्याला फूल वाहायला लागली. डुकराच्या भांडणाला! तिला सांगायची माझी छाती झाली नाही. शेवटी एका सकाळी तिनेच विचारलं, "काय लिहिलंय गं यात?" नीलिमाने देव्हाऱ्यासमोर बसून तो अर्ज मराठीत वाचून दाखवला. डुक्कर, वासा, लेकरं, लाज, सगळं. खाली गव्हर्नरच्या हातचा शेरा होता, दंड माफ.

आई हसली नाही. "परका माणूस, पण माफ केलं त्याने," ती म्हणाली. "राहू दे तिथेच."

नीलिमाने अर्ज पुन्हा देव्हाऱ्यात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा टाकतोस का?" आल्यापासून माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. मी तिघांचा टाकायच्या ऐवजी सहा कप टाकला.

चॅप्टर वेळेत गेला, असिस्टंटशिप राहिली, पुढे ती कॉलेजात शिकवायला लागली. आई आता नाही. ते सगळे कागद आता कॉम्प्युटरवर घरबसल्या बघता येतात म्हणे, तरी नीलिमाला कागद हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही. अजूनही कुठलं ना कुठलं दप्तर बघायला आम्ही निघतोच, आणि गाडी मीच चालवतो. निघताना ती देव्हाऱ्यातल्या त्या अर्जाला कुंकू लावते, नमस्कार करते, आईसारखंच एक बोट माझ्याही कपाळाला लावते. आणि तिथे पोहोचल्यावर, गाडीतून उतरायच्या आधी, ओला नॅपकिन घेऊन माझं कपाळ स्वतःच्या हाताने घासून पुसते.