दाखवायचा चेहरा

अकोटला किसनरावांच्या गल्लीत त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाच्या, रागाची सगळ्यांना सवय झाली होती. ती ओरडत नसे. भांडी घासायला बसली की राखेचा हात असा फिरे, की शेजारणी आपसांत म्हणत, आज पितळ नाही, कोणाचं तरी तोंड घासून राहिली बाई. आणि हसत.

माहेरी, नांदगाव खंडेश्वरला, तिला पाहायला आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. वेळ तिच्या आईनं दिवेलागणीची धरली. हळद आणि तांदळाचं पीठ दुधात कालवून तिच्या तोंडावर चोळलं आणि कंदील लांब ठेवला. पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. किसनरावांच्या आईनं, पार्बताबाईंनी, होकार दिला. लग्नात अंगाला हळदच असते, तेव्हाही कोणाला काही कळलं नाही. पुढे हळद उतरली. सून विहिरीवरून न्हाऊन आली, तेव्हा पार्बताबाई दारात उभ्या होत्या.

‘मले एक दाखवली अन् दुसरी देली,’ त्या म्हणाल्या.

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. दूध नासलं, घरात काळा रंग शिरला म्हणून नासलं. पाहुण्यांसमोर कोणी तवा मागितला, तर म्हणायच्या, तवा काहाले शोधता, सून उभी आहे ना. पाहुणे हसायचे. किसनरावही हसायचे, आणि मनकर्णानं सासूला एक वेळ सोडलं असतं, पण ते हसणं सोडलं नाही. काळी असल्याचा तिला राग नव्हता. चोळणारे हात दुसऱ्याचे, आणि शिक्षा मात्र तिला.

आता कौशल्या तेरा वर्षांची होती आणि रंगानं आईवर गेली होती. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावायचं नाही, असा सरकारनं कायदा केला होता. दाखवायला मनाई नव्हती. अंजनगाव सुर्जीच्या सूर्यभान पाटलांकडचे लोक पोरगी पाहायला येणार, असा निरोप आला. त्याच आठवड्यात किसनराव अमरावतीला गेले आणि येताना पावडरची डबी घेऊन आले. गुलाबी पत्र्याची, झाकणावर मडमेचं चित्र. अमरावतीच्या वकिलांच्या मुली हेच लावतात, ते म्हणाले. डबी आणायला पार्बताबाईंनी सांगितलं होतं.

फसवलं म्हणून जी सासू इतकी वर्षं जळत राहिली, तीच आता फसवायला बसली होती, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याला फसवतात ती लबाडी. आपण करतो तो व्यवहार.

मनकर्णानं ठरवलं, ही डबी पोरीच्या तोंडाला लागणार नाही. तिनं फक्त एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. कौशल्याला डबी आवडली होती. पोरगी झाकण उघडून वास घेत बसली होती. आतलं पावडर लावायचं मऊ फूल तिनं मनगटावर फिरवलं आणि पांढरा पट्टा पाहून स्वतःशीच हसली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्यासाठी काही शोभेचं आणलं होतं. मनकर्णानं डबी ओढून घेतली.

‘माय, मले चांगलं दिसू दे ना.’

‘तू आहे तशी चांगली आहे.’

‘मंग आजी तुले काहून बोलते?’

मनकर्णाचा हात उठला आणि कौशल्याच्या पाठीत बसला.

डबी फडताळात गेली. पाहुणे यायच्या दिवशी पोरीला पहिल्यांदा नटवायला आईच बसली. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून तिनं काजळ पाडलं होतं, ते डोळ्यांत घातलं. कपाळावर मेणाचं बोट टेकवून त्यावर कुंकू दाबलं. केसांना तेल, वेणी. गाल तसेच. हात जड पडत होता, कारण राग गेला नव्हता. कौशल्या रडली, काजळ ओघळलं, तेव्हा मनकर्णानं ते पुसून पुन्हा घातलं.

अंजनगावची दमणी दुपारीच आली. बैल सोडले, पुरुष ओसरीवर बसले. मुलाची आई आणि तिची नणंद आत माजघरात आल्या. मनकर्णा चुलीपाशी पोह्यांत आणि चहात अडकली होती. फडताळ उघडायला तेवढा वेळ पार्बताबाईंना पुरला.

मनकर्णा ताटल्या घेऊन माजघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. खिडकी लावलेली होती. ऊन डोळ्यावर येते, असं पार्बताबाई पाहुण्यांना सांगत होत्या. पाटावर कौशल्या बसली होती. तोंड पांढरं, चुना दिलेल्या भिंतीसारखं. कान काळे, मान काळी, मांडीवर ठेवलेले हात काळे. घाईत पार्बताबाईंनी फक्त तोंडच रंगवलं होतं. आणि पोरगी, एवढं होऊन, पाटावर खुशीत बसली होती. मान ताठ धरून. आपण सुंदर दिसतो आहोत असं तिला वाटत होतं.

ते पाहून मनकर्णाला क्षणभर वाटलं, राहू द्यावं. मग तिला विहिरीवरून न्हाऊन आल्याचा दिवस आठवला.

तिनं ताटल्या खाली ठेवल्या. खिडकीची कडी काढली. पाण्याचा तांब्या आणि धुतलेलं फडकं आणून मुलाच्या आईसमोर ठेवलं.

‘पाटलीणबाई, पुसून पाहा. आता पाहा, अन् मंग घरी नेऊन तिले बोलू नका.’

‘सुनेचं डोकं फिरलं आहे,’ पार्बताबाई पाहुण्यांकडे पाहत म्हणाल्या.

पाटलीणबाईंनी फडक्याला हात लावला नाही. नणंद तोंडाला पदर लावून हसत होती. कौशल्यानं एकदा आईकडे पाहिलं, मग तिनंच फडकं उचललं, तांब्यात बुडवलं आणि तोंडावर चोळू लागली. आई भांडी घासते तशी. कुंकू गेलं, काजळ गालभर पसरलं. तिनं फडकं पाटावर आपटलं आणि मागच्या अंगणात निघून गेली.

पाहुण्यांनी चहा घेतला. कळवतो म्हणाले. कळवणार नव्हते, हे बैल जुंपायच्या आधीच सगळ्यांना समजलं होतं. किसनराव चप्पल घालून बाहेर गेले.

‘पोट्टीचं वाटोळं केलं तू,’ पार्बताबाई म्हणाल्या.

मनकर्णा उष्ट्या ताटल्या उचलत होती. तिनं त्या खाली ठेवल्या.

‘आत्याबाई, तुमी मले रोज बोलल्या. नांदगावले एकडाव उजेडात पाह्यलं असतं अन् नाई म्हणून गेल्या असत्या, तर मी या घरात आलीच नसती.’

म्हातारीनं तोंड फिरवलं. उत्तर दुसरीकडून आलं. मागच्या दारात कौशल्या उभी होती, अर्धं काजळ गालावर तसंच.

‘मंग मी बी झाली नसती?’

हो हेच खरं उत्तर होतं, आणि ते मनकर्णाला पोरीला सांगता येईना. ती उठून कौशल्याजवळ गेली, तिचा गाल पुसायला पदर पुढे केला. कौशल्यानं हात झटकला.

‘पुसू नको. किती पुसतं?’ ती म्हणाली. ‘खिडकी तू उघडली ते बरं केलं. आता लोकं आले तर मीच उघडीन. पण त्यायच्यासमोर माह्यं तोंड पुसाले काढलं ते चांगलं नाई केलं. आजीनं लावलं ते तिच्यासाठी. तू पुसाले लावलं ते तुह्यासाठी.’

‘अन् तुले काय पाह्यजे?’

‘डबी दे. लोकं गेले आता.’

मनकर्णाला ते पटलं नाही. राग अजून तसाच होता, नवऱ्यावर, सासूवर, मेलेल्या आईवर, आणि थोडा या पोरीवरही. पण ती फडताळाकडे गेली.