धोंडीरामचा वरचा खिसा

सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत कंत्राटावर काम केलेल्या प्रत्येक माणसानं धोंडीरामच्या तोंडून एक शब्द नक्की ऐकलेला असतो. पाळी सुरू होताना युनिटच्या आतल्या फाटकाशी तो उभा राहायचा आणि येणाऱ्याला ना नमस्कार ना चमत्कार, फक्त विचारायचा, "खिसा?" मग समोरचा माणूस लायटर, काडेपेटी, मोबाईल असं सगळं काढून भिंतीतल्या खणात ठेवायचा आणि आत जायचा. आत तेलाच्या नळ्या, पंप, टाक्या. तिथं एक ठिणगी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

धोंडीराम राजापूरकडचा. हुद्दा फायर वॉच. वेल्डर काम करत असेल तेव्हा आग विझवायचं नळकांडं घेऊन त्याच्या शेजारी उभं राहायचं, ठिणगी कुठं जाते ते बघायचं, गॅसच्या मीटरवर नजर ठेवायची, हे त्याचं काम. वेल्डरचं लक्ष जोडावर आणि धोंडीरामचं बाकी सगळ्यावर. त्याला सोडून वेल्डरला काडीही पेटवता येत नाही आणि काम चालू असताना धोंडीरामला तिथून एक पाऊल हलता येत नाही.

मी यान्बूला मुलीकडे राहायला आले तेव्हापासून त्याला ओळखते. माझे जावई त्याच्या शेजारच्या गावचे, म्हणून शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. जेवण झालं की बाल्कनीत बसून गावी व्हिडिओ फोन लावायचा. त्याची बायको शालिनी तापात दोन्ही कानांनी गेलेली. ती फोनवर ऐकत नसे, बघत असे. धोंडीराम एकेक शब्द ओठ उघडून बोलायचा आणि ती तो वाचायची. वरचा ओठ नीट दिसावा म्हणून त्यानं मिशी काढली होती. कामगारांच्या कॅम्पातल्या आपल्या मुलखाच्या माणसांनी त्यावरून त्याला कितीतरी दिवस छळलं, पण मिशी काही परत आली नाही. बोलताना खोकल्याची ढास आली की तो झटकन तोंड फिरवायचा. शालिनी विचारायची, "काय झालं?" तो पुन्हा समोर येऊन म्हणायचा, "कुणीतरी हाक मारली."

खोकला सिगारेटचा होता. दिवसाला एक पाकीट.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी शालिनीला तपासून सांगितलं होतं की दोन्ही कानांत मशीन बसवलं तर बरंच ऐकू येईल. मशीनची किंमत ऐकून धोंडीरामनं हिशेब मांडला. पगाराला फुटलेल्या वाटा ठरलेल्या होत्या. मुलगी संपदा रत्नागिरीला शिकत होती, घरावर पत्रे चढवायचे होते. हात घालता येईल असा एकच खर्च त्याचा स्वतःचा होता आणि तो त्याच्या बोटांत जळत होता.

उपाय सुचवला नौशादनं. नौशाद दाभोळकडचा, वेल्डर, धोंडीरामचा खोलीतला सोबती. त्यानं स्वतः वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, धरला होता. "रे धोंडू, तुझ्या पाकिटावर सरकार कर घेतं नि तू खोकत बसतोस. ही डबी एकदाच घे. आत रसाची बाटली भर. बाटली आठवडा जाते, आठवडा! भाभीचे कान सहा महिन्यांत."

धोंडीरामनं डबी घेतली. पेनाएवढीच, काळी, बाजूला एक बटण. रस पुदिन्याचा. पहिल्या शुक्रवारी तो व्हिडिओवर धूर सोडत बसला तेव्हा शालिनी घाबरून ओरडली, "अहो, मागं काही पेटलंय का?" आम्ही सगळे हसलो. पहिल्या महिन्यात खरंच पैसे उरले. त्याचा चेहरा पास झालेल्या मुलासारखा झाला होता.

दुसऱ्या महिन्यात उरलेले पैसे निम्मे झाले आणि तिसऱ्यात जवळजवळ काही उरेना. का, ते त्यानं एकदा मला फार नेमकं सांगितलं. सिगारेट ओढायला रिफायनरीत एक शेड आहे. तिथं जायचं, ओढायची, विझवायची, परत यायचं. "बाई, सिगारेट संपते. ही संपतच नाही." वेप अंथरुणात चालायचा, न्हाणीघरात चालायचा, बसमध्ये तोंडावर गमछा धरून चालायचा. बाटली आठवडा जाईना. आतली तार जळायची, ती बदलावी लागायची. शिवाय शेडमध्ये कुणी सिगारेट पुढं केली तर नाही म्हणवत नव्हतं, मग परतफेडीसाठी पाकीट आणावं लागायचं. "दोन्हीकडून चाललंय," तो म्हणाला, "पण आता डबीवर पैसे घातलेत, सोडू कशी?"

ती गोष्ट घडली तो सकाळच्या पाळीचा दिवस. फाटकाशी रमेश नावाचा एक रंगारी आला, नवा, बीडकडचा. धोंडीरामनं विचारलं, "खिसा?" रमेशनं पाकीट काढलं, रुमाल काढला आणि मग कडेच्या खिशातून लायटर निघाला.

"विसरलो, काका. ठेवतो खणात."

"विचारल्यावर निघाला. विचारलं नसतं तर आत गेला असता. आज आत नाही."

"काका, एक दिवसाचा पगार जाईल!"

"जाऊ दे. बस त्या शेडमध्ये. दुपारच्या बसनं परत जा."

रमेश शिव्या पुटपुटत शेडमध्ये जाऊन बसला. धोंडीरामनं सवयीनं स्वतःच्या कडेच्या खिशावर हात मारला. वर्षानुवर्षं तिथं लायटर असायचा आणि हात तो बरोबर काढून खणात ठेवायचा. आज खिसा रिकामा होता. तो आत गेला.

त्या दिवशी चालू युनिटच्या मधोमध एका नळीचा जोड करायचा होता. अशा जागी न पेटणाऱ्या जाड कापडाचा तंबू उभारतात, आतली हवा तपासतात आणि मगच वेल्डिंगला परवानगी मिळते. तंबूच्या आत ठिणगी चालते. पडद्याबाहेर नाही. नौशाद आत वाकून बसला, त्याच्या मागं नळकांडं घेऊन धोंडीराम. निळा उजेड पडला, काम सुरू झालं.

काही वेळानं धोंडीरामला पुदिन्याचा वास आला.

वितळत्या लोखंडाच्या वासात पुदिना कुठून आला, असं त्याच्या मनात आलं मात्र आणि छातीपाशी काहीतरी ऊबदार असल्याचं जाणवलं. वरच्या खिशाच्या कापडातून एक बारीक दिवा लुकलुकत होता. खांद्यावरच्या सुरक्षापट्ट्यानं बटण दाबलं गेलं होतं. बसमध्ये ओढून डबी त्यानं पेनाशेजारी खोचली होती. कडेच्या खिशाला सवय होती. वरच्या खिशाला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

ही डबी घेऊन तो फाटकातून, पंपांच्या रांगेतून, सगळं युनिट ओलांडून इथवर आला होता.

त्यानं पट्टा बाजूला ओढला. दिवा विझला. डबी गरमच होती. मीटरवर शून्य होतं. त्यानं नौशादच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. काम थांबवायची खूण.

नौशादनं मुखवटा वर केला. "काय झाला? अर्ध्यात थांबवलंस, जोड फुकट जाईल माझा!"

धोंडीरामनं खिशाकडे बोट केलं.

"या अल्ला," नौशाद म्हणाला. "तू? तू आणलंस आत?"

"बॅटरी निघते का हिची?"

"नाय निघत. बंद पेटी आहे ती." नौशादनं पडद्याकडे बघितलं, आवाज खाली आणला. "दे इकडं. टूलबॅगेत तळाला टाकतो. जेवायच्या सुट्टीत बाहेर नेऊ. कुणाच्या बापाला कळणार नाय."

"बाहेर कसं नेणार?"

"आलास तसं!"

"तसंच तर न्यायचं नाही."

"अरे, इथं मी ठिणग्यांचा पाऊस पाडतोय, नि तू ह्या डबीला घाबरतोस?"

"इथली हवा तपासलेली आहे. पडद्याबाहेर पंप चालू आहेत. आलो तेव्हा वाचलो म्हणजे जाताना वाचेन असं आहे का?"

"आत यायचा पास काढून घेतील. पास गेला की मालक, कफील, परतीचं तिकीट हातात देईल. मग इकामा गेला, इथं राहायची परवानगी गेली, नोकरी गेली. भाभीचे कान कोण देणार, मी?"

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर गप बस ना रे!"

धोंडीरामनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. पण बटण दाबवेना. नौशाद त्याच्याकडे बघत राहिला. मीटरवर शून्याचा एक झाला, पुन्हा शून्य झाला. वारा फिरून बाहेरचा थोडा गॅस आला असेल. एरवी त्याकडे त्यानं लक्षही दिलं नसतं. आता त्याची नजर तिथून हटेना. एक गोष्ट अजून शक्य होती. वेल्डिंग पुन्हा सुरू करायचं, काही बोलायचं नाही आणि दुपारी छातीवर हात धरून भरभर चालत जायचं. पंपांच्या रांगेपासून फाटकापर्यंतचा रस्ता त्याला पाठ होता.

मीटरवर पुन्हा एक आला. त्यानं बटण दाबलं.

"हॉट वर्क बंद किया है. मेरे पास वेप है."

पलीकडून सेफ्टी ऑफिसर विनोद सरांचा आवाज, "दोबारा बोलो. किसके पास?"

त्या चॅनेलवर सगळी पाळी ऐकत होती.

"मेरे पास, सर. धोंडीराम. फायर वॉच."

विनोद सर येईपर्यंत दोघं तंबूतच बसून राहिले. धोंडीरामनं एक हात नळकांड्यावर ठेवला होता आणि दुसऱ्यानं खिसा छातीपासून लांब धरला होता, पुन्हा बटण दाबलं जाऊ नये म्हणून. मीटर शून्यावर टिकलं.

सर आले ते वाळूनं भरलेली झाकणाची लोखंडी पेटी घेऊन. विनोद सर नाशिकचे, धोंडीरामहून वयानं लहान. त्यांनी डबी वाळूत पुरली, झाकण लावलं.

"चला. मी पुढं मीटर धरतो. तुम्ही माझ्या मागं. मी थांबलो की थांबायचं."

ते चालत निघाले. पाच पावलं, थांबायचं, मीटर बघायचं, पुन्हा पाच पावलं. पंपांशी सर जरा जास्तच थांबले. धोंडीरामला त्यांची मान तेवढी दिसत होती. मग ते चालू लागले. फाटकाबाहेर येईतो दोघांच्याही अंगावरचे कपडे भिजले होते.

शेडमध्ये रमेश अजून बसची वाट बघत बसला होता. शेडमधल्या कुणाकडे तरी वॉकीटॉकी होती, त्यामुळे त्यालाही कळलं होतं. तो उठून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, खिसा?"

कुणी हसलं नाही. धोंडीरामनं एकेक खिसा उलटा करून त्याला दाखवला, वरचासुद्धा. मग गळ्यातला पास काढून सरांच्या हातात दिला.

पुढच्या शुक्रवारी तो आमच्याकडे आला तेव्हा निकाल लागायचा होता. त्यानं कुकर कॅम्पातल्या एकाला देऊन टाकला होता, बॅग भरून ठेवली होती. जेवला नाही. फोन लावला नाही.

"शालिनी वाट बघत असेल," मी म्हटलं.

"ती तोंड बघून वाचते, बाई. मी काही बोललो नाही तरी वाचेल."

शेवटी सुट्टीला घरी आलेल्या संपदाचाच फोन आला. तो उचलून त्यानं फोन समोर धरला. शालिनीनं क्षणभर बघितलं आणि विचारलं, "नोकरी गेली?"

"अजून नाही. कळेल."

"काय केलंत?"

त्यानं सगळं सांगितलं, एकेक शब्द, ओठ उघडून. ते बोलणं फार हळू चाललं होतं आणि मध्ये थांबता येत नव्हतं. ऐकून, म्हणजे बघून झाल्यावर ती म्हणाली, "ते रंगारी पोर, त्याचा पगार बुडाला ना? त्याच्याशी आधी बोला काहीतरी."

निकाल आठवडाभरानं लागला. मोठ्या साहेबांनी एकच विचारलं, तिथं कुणी बघत नव्हतं तर सांगितलं कशाला? धोंडीराम म्हणाला, "बाहर जाने का रास्ता नहीं था, साब." पास परत मिळाला, पण फायर वॉचचं काम गेलं. आता तो कॅम्पाच्या गोदामात हातमोजे आणि बूट वाटतो. ओव्हरटाईम नाही. रमेशला बुटांचा नवा जोड त्यानंच मापून दिला. रमेश म्हणाला, "चावतात काका," तर दुसरा दिला.

वेप त्यानं पुन्हा घेतला नाही. सिगारेट सोडली असं मी सांगणार नाही. गोदामात आग चालत नाही आणि शेड लांब आहे, म्हणून दिवसाला दोन. तेवढ्यात पैसे उरू लागले, पहिला महिना सोडला तर डबीनं कधी उरले नव्हते असे. तरी ओव्हरटाईम गेल्यामुळे दोन कानांचे पैसे काही जमेनात. जमले ते एका कानाचे.

मशीन बसवलं त्या शुक्रवारी तो लवकर आला. दाढी करून, नवा शर्ट घालून. फोन लागला. शालिनी डाव्या कानाशी हात नेऊन बसली होती, मशीन पडेल की काय अशी.

"ऐकू येतंय?" त्यानं विचारलं. सवयीनं ओठ मोठे उघडून.

"एवढं तोंड वासू नका, येतंय," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. धोंडीराम हसला. हसता हसता त्याला ढास आली. त्यानं झटकन तोंड फिरवलं, बराच वेळ खोकला, मग पुन्हा समोर आला.

शालिनी हात कानाशी धरूनच त्याच्याकडे बघत होती.

"कुणीतरी हाक मारली म्हणायचात ना," ती म्हणाली, "ती ही?"